स्नूकरची विश्वविजेती पूलच्या टेबलावर: खेळ बदलतो तेव्हा नेमकं काय बदलतं?

पूल पार्लरमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: "स्नूकर येत असेल तर पूल म्हणजे हातचा मळ." मोठ्या टेबलावर, लहान पॉकेटांत बॉल घालणाऱ्याला छोटं टेबल कितीसं जड जाणार, असं कुणालाही वाटेल. पण २०१९ चा स्नूकर विश्वविजेता जड (Judd) ट्रम्प २०२१ मध्ये अटलांटिक सिटीला यूएस ओपन पूल स्पर्धेत उतरला आणि विजेतेपदाविनाच परतला. त्याच्या कितीतरी आधी, ऑक्टोबर १९९५ मध्ये, इंग्लंडची ॲलिसन फिशर स्नूकर मागे ठेवून अमेरिकेला गेली आणि तिथल्या महिला व्यावसायिक पूल मालिकेतली दुसरीच स्पर्धा जिंकून मोकळी झाली. पुढे १९९६, १९९७, १९९८ आणि २००१ अशी चार वर्षं ती नाइन-बॉलची विश्वविजेती ठरली.

मग खरं काय? पूल स्नूकरवाल्याला सोपा जातो की अवघड? उत्तर असं, की त्याचा हात आणि नजर जशीच्या तशी उपयोगी पडते, पण त्याच्या डोक्यातले हिशेब जवळजवळ सगळे पुन्हा मांडावे लागतात. ॲलिसनचं मोठेपण मला तिच्या पॉटिंगपेक्षा, म्हणजे बॉल पॉकेटमध्ये घालण्यापेक्षा, या फेरमांडणीत जास्त दिसतं.

आधी दोन्ही खेळ थोडक्यात

स्नूकरचा जन्म आपल्याच देशात, १८७५ च्या सुमारास जबलपूरच्या ब्रिटिश छावणीत झाला. टेबलावर २२ बॉल असतात: १५ लाल, ६ रंगीत आणि १ पांढरा. एक लाल, मग एक रंगीत, परत लाल, परत रंगीत असा क्रम. रंगीत बॉल पॉट झाला की लाल संपेपर्यंत तो पुन्हा आपल्या ठिकाणी मांडला जातो. गुण मोजायचे आणि ज्याचे जास्त त्याची 'फ्रेम', म्हणजे तो डाव. लालचा १ आणि काळ्याचे ७, म्हणून शहाणा खेळाडू काळ्याच्या आसपास घुटमळत राहतो.

पूलचे प्रकार बरेच आहेत. व्यावसायिक पातळीवर सर्वांत गाजलेला प्रकार नाइन-बॉल. इथे १ ते ९ आकड्यांचे नऊच बॉल असतात आणि ते हिऱ्याच्या आकारात मांडतात. या मांडणीलाही आणि त्या एका डावालाही 'रॅक' म्हणतात. पांढरा बॉल दर वेळी टेबलावरच्या सर्वांत लहान आकड्याच्या बॉलला आधी लागला पाहिजे. गुण नसतात. नियमात बसणाऱ्या फटक्यावर ज्यानं ९ नंबर घातला, रॅक त्याचा. आधीचे आठ बॉल कुणी घातले याला काहीही किंमत नाही.

'ब्रेक' या शब्दानं नवा माणूस गोंधळतो. स्नूकरमध्ये एका खेपेत सलग जमवलेले गुण म्हणजे ब्रेक. पूलमध्ये ब्रेक म्हणजे रॅक फोडणारा पहिला फटका. या लेखात यापुढे हा दुसरा अर्थच घेतला आहे.

टेबलाचा हिशेब

स्नूकरच्या टेबलाचा खेळायचा भाग ११ फूट साडेआठ इंच लांब आणि ५ फूट १० इंच रुंद असतो. पूलच्या 'नऊ फुटी' टेबलाचा खेळायचा भाग १०० इंच लांब आणि ५० इंच रुंद, म्हणजे लांबीला आठ फूट चार इंच. स्नूकरचा बॉल ५२.५ मिलिमीटरचा, पूलचा ५७.१५ मिलिमीटरचा. व्यासातला फरक किरकोळ दिसतो, पण आकारमान सुमारे २९ टक्क्यांनी वाढतं. वजनही त्याच बेतानं वाढतं, कारण दोन्ही बॉल त्याच जातीच्या कठीण राळेचे असतात.

खरी गंमत पॉकेटमध्ये आहे. स्नूकरच्या पॉकेटचं तोंड साधारण साडेतीन इंच, म्हणजे ८७ मिलिमीटरच्या आसपास. पूलच्या कोपऱ्यातल्या पॉकेटचं ११४ ते ११७. बॉलची रुंदी वजा केली तर स्नूकरमध्ये चुकायला एकूण ३४ मिलिमीटर जागा उरते आणि पूलमध्ये सुमारे ५८. पॉकेटसमोर एक मीटरवर बॉल ठेवा. स्नूकरमध्ये मध्यरेषेपासून तो एका अंशापर्यंत भरकटला तरच आत जाईल, पूलमध्ये दीड अंशाहून थोडा जास्त भरकटला तरी जाईल. शिवाय स्नूकरच्या पॉकेटची तोंडं गोलाकार वळलेली असतात. कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला, चाटत आलेला बॉल ती सहज बाहेर फेकतात.

तिसरी गोष्ट कापड. स्नूकरच्या कापडाला लव असते. मखमलीवर हात फिरवला की एका दिशेनं मऊ आणि उलट दिशेनं खरखरीत लागतं, तसंच. ही लव हळू जाणाऱ्या आणि फिरकी दिलेल्या बॉलला वाटेत हलकेच सरकवते. पूलचं कापड गुळगुळीत, बिनलवेचं. त्यावर बॉल लांब पळतो आणि कुशनवर आदळल्यावरही त्याची फिरकी शिल्लक असते. मोठ्या टेबलावर मुरलेल्या हातानं पहिल्या दिवशी मारलेला जवळपास प्रत्येक फटका म्हणूनच फूट-दीड फूट पुढे जातो.

सोबत काय येतं?

स्नूकरमध्ये क्यू, म्हणजे खेळायची काठी, हनुवटीला आणि छातीला घासून पुढे-मागे होतो, डोकं दगडासारखं स्थिर असतं आणि कोपराखालचा हातच तेवढा लंबकासारखा हलतो. एका अंशाच्या फटीत लांबून बॉल घालायची सवय लागली की क्यू सरळच जातो, वाकडा जाणं शरीर विसरून जातं. ही शिस्त पूलमध्ये सोन्यासारखी आहे. लांबचे सरळ फटके, कुशनला चिकटलेले बॉल, पातळ कट (बॉलला जेमतेम कडेवर लागणारे तिरके फटके) हे सगळं स्नूकरवाला पहिल्या दिवसापासून इतरांपेक्षा बरं मारतो.

हत्यार मात्र बदलावं लागतं. स्नूकरचा क्यू बहुतेकदा ॲश लाकडाचा असतो, पुढे पितळी टोपण आणि साडेनऊ-दहा मिलिमीटरची टिप, म्हणजे बॉलला लागणारं टोक. पूलचा क्यू बहुधा मेपलचा, टिप १२ ते १३ मिलिमीटरची. जड बॉलवर बारीक टिप वापरली तर दोन अडचणी येतात. जोराच्या फटक्यात क्यूचं टोक दबल्यासारखं होतं. आणि टिप मध्यापासून किती बाजूला लागली याचा जुना अंदाज नव्या बॉलवर फसतो. जुन्या क्यूवरचं प्रेम समजण्यासारखं आहे, पण तो बाजूला ठेवायला महिने घालवले तर महिने फुकट जातात.

ब्रेक: जिथे शिस्तच आड येते

स्नूकरचा सुरुवातीचा फटका म्हणजे सावध पाऊल. पांढरा बॉल लालच्या ढिगाच्या कडेला हलकाच चाटवायचा आणि परत आपल्या टोकाला आणून लपवायचा. नाइन-बॉलमध्ये उलटं आहे. पांढरा बॉल ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगानं १ नंबरवर आदळावा लागतो, आणि एखादा बॉल तरी पॉकेटमध्ये जावा लागतो, नाहीतर किमान चार बॉल कुशनपर्यंत पोचावे लागतात.

स्नूकरवाला इथे हमखास अडखळतो, कारण अंग न हलवण्याचं वळण त्याच्या हाडीमाशी खिळलेलं असतं आणि ब्रेकला कंबर आणि खांद्याची साथ लागते. ती साथ द्यायला गेलं की डोकं उचललं जातं, टिप मध्यावरून सरकते आणि पांढरा बॉल १ नंबरला तिरका लागतो. मग तो बाजूच्या पॉकेटमध्ये शिरतो किंवा थेट टेबलाबाहेर उडतो.

उपाय जुनाच आहे: आधी नेम, मग जोर. आपल्या पूर्ण ताकदीच्या साधारण सत्तर टक्क्यांवर सुरुवात करावी. १ नंबरला पांढरा बॉल पूर्ण, नाकासमोर लागला की तो किंचित मागे येऊन टेबलाच्या मध्यावर बसकण मारतो. दहापैकी सात वेळा तो मध्यावर थांबू लागला की मगच जोर वाढवावा. ब्रेकसाठी कडक टिपेचा वेगळा क्यू बाळगतात, तोही याच टप्प्यावर घ्यावा.

फाउलची किंमत

माझ्या मते सगळ्यात मोठा बदल हा आहे, आणि बाहेरून बघणाऱ्याला तोच दिसत नाही.

स्नूकरमध्ये फाउल झाला की समोरच्याला चार ते सात गुण मिळतात. पांढरा बॉल पॉकेटमध्ये गेला नसेल तर तो पडला असेल तिथूनच खेळायचा. पॉकेटमध्ये गेला असेल तर इंग्रजी 'डी'च्या आकाराच्या अर्धवर्तुळात ठेवायचा. नाइन-बॉलमध्ये फाउल झाला की समोरचा पांढरा बॉल हातात घेतो आणि टेबलावर वाटेल तिथे ठेवतो. कॅरममध्ये स्ट्रायकर आपल्या रेषेवरच ठेवावा लागतो. तुमच्या एका फाउलनंतर समोरच्याला तो बोर्डवर कुठेही, अगदी सोंगटीच्या मागे बरोबर रेषेत ठेवायची मुभा मिळाली, तर काय होईल? चांगला खेळाडू तिथून उरलेला सगळा बोर्ड साफ करेल. नाइन-बॉलमध्ये एका फाउलची किंमत बऱ्याचदा पूर्ण रॅक असते. सलग तीन फाउल झाले तर रॅक नियमानंच जातो.

त्यातच एक सापळा आहे. स्नूकरमध्ये पांढरा बॉल हलकेच समोरच्या बॉलला नेऊन चिकटवणं हा पूर्ण वैध आणि फार प्रभावी बचाव आहे. पूलमध्ये बॉलला बॉल लागल्यानंतर कुठला तरी बॉल कुशनला लागला पाहिजे किंवा पॉकेटमध्ये गेला पाहिजे. म्हणजे वर्षानुवर्षं घोटलेला तो नाजूक फटका इथे सरळ फाउल ठरतो. दडपणाखाली हात जुन्या सवयीकडे धावतो आणि नेमका निर्णायक रॅकमध्ये घात होतो.

बचावाचा विचारही बदलतो. स्नूकरमध्ये अंतर हीच भिंत असते. पांढरा बॉल बारा फुटी टेबलाच्या दूरच्या कुशनला चिकटवला की समोरच्याला उघडा दिसणारा लालही अवघड जातो. पूलच्या टेबलावर अंतरानं कुणी थांबत नाही. तिथे पांढरा बॉल दुसऱ्या बॉलच्या आड पुरता लपवावा लागतो, आणि तसा लपवला तरी समोरचा आखूड 'जंप क्यू' काढून मधला बॉल उडी मारून ओलांडतो. हा क्यू किमान ४० इंचांचा असावा लागतो. स्नूकरमध्ये अशी उडी फाउल आहे, त्यामुळे हे कसब शून्यातून शिकायचं.

'पुश-आउट' ही आणखी एक नवलाई. ब्रेकनंतर पहिला नंबर दिसत नसेल तर खेळाडू तसं जाहीर करून पांढरा बॉल कुठेही ढकलू शकतो. तो कुठल्याच बॉलला लागला नाही तरी चालतं. मग समोरच्यानं ठरवायचं: स्वतः खेळायचं की "तूच खेळ" म्हणायचं. म्हणून बॉल अशा जागी ढकलायचा, की तिथला फटका आपल्याला जमतो पण त्याला नकोसा वाटतो. हा पत्त्यांच्या डावासारखा, समोरच्याच्या मनाचा अंदाज घेण्याचा भाग आहे. स्नूकरमध्ये असं काही नाही.

बाजाराची यादी आणि पांढऱ्या बॉलचा प्रवास

स्नूकर म्हणजे मंडईत भाजी घ्यायला जाणं. टोमॅटो या गाड्यावर नाही तर शेजारच्या गाड्यावर मिळतो. पंधरा लाल असतात, एक नाही तर दुसरा. नाइन-बॉल म्हणजे क्रमानं लिहिलेली यादी: आधी गिरणी, मग औषधाचं दुकान, मग बँक, आणि तीही गावाच्या तीन टोकांना. क्रम मोडायचा नाही.

त्यामुळे स्नूकरमध्ये पांढरा बॉल काळ्याच्या भोवती वीतभर इकडे, वीतभर तिकडे फिरतो, तर नाइन-बॉलमध्ये त्याला दोन-तीन कुशन घेऊन टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जावं लागतं. इतका प्रवास नेमका घडवायचा तर बॉलला बाजूची फिरकी द्यावी लागते, आणि स्नूकरवाला तिला बिचकून असतो. मध्याच्या उजवीकडे मारलं की पांढरा बॉल निघतानाच किंचित डावीकडे सरकतो. बारा फुटांवर तेवढ्यानं पॉट चुकतो, म्हणून लांबच्या फटक्यात ती टाळायची हे त्याच्या अंगी मुरलेलं असतं. पूलमध्ये अंतर कमी आणि पॉकेट मोठं, त्यामुळे तिथे ती चूक खपते. इथे फिरकी टाळणारा खेळाडू पॉट करतो आणि पुढच्या बॉलसाठी चुकीच्या बाजूला अडकतो.

बाजू हा शब्द महत्त्वाचा. समजा ४ नंबर घालताना ५ नंबरवर यायचंय आणि त्यानंतरचा ६ डावीकडे आहे. तर ५ नंबरवर नुसतं समोर येऊन भागत नाही. पांढरा बॉल त्याच्या अशा बाजूला हवा, की ५ घालताच तो आपोआप डावीकडे निघेल. तीन बॉल पुढचं बघायचं, असं पूलवाले म्हणतात ते यासाठी.

मुळात स्नूकर सोडलंच का?

ॲलिसन १७ व्या वर्षी, १९८५ मध्ये, महिलांची स्नूकर विश्वविजेती झाली. नंतर १९८६, १९८८, १९८९, १९९१, १९९३ आणि १९९४ अशी एकूण सात विजेतेपदं तिनं मिळवली. १९९१ मध्ये बर्मिंगहॅमच्या वर्ल्ड मास्टर्समध्ये स्टीव्ह डेव्हिसच्या जोडीनं तिनं मिश्र दुहेरीही जिंकली. म्हणजे तिच्या खेळात काही कमी होती म्हणून ती गेली, असं कुणी म्हणू नये.

कमी होती ती व्यवस्थेत. १९९१ पासून व्यावसायिक स्नूकरची दारं सर्वांना खुली झाली, पण त्याचा अर्थ शेकडो पुरुष खेळाडूंच्या गर्दीत प्रवेशशुल्क भरून पात्रता फेरीमागून पात्रता फेरी खेळायची, तीही टीव्हीच्या कॅमेऱ्यांपासून दूर. महिलांच्या वेगळ्या स्पर्धांत बक्षिसाची रक्कम इतकी तुटपुंजी होती, की विश्वविजेतीलाही त्यावर संसार चालवता येऊ नये. त्याच काळात अमेरिकेत महिलांच्या पूलची स्वतःची संघटना होती, नियमित स्पर्धा होत्या आणि ईएसपीएन या क्रीडावाहिनीवर त्यांचे सामने दिसत होते. खेळून पोट भरायचं तर कुठे जावं, हे स्पष्ट होतं.

ती एकटी नव्हती. उत्तर आयर्लंडची कॅरन कॉर १९९०, १९९५ आणि १९९७ ची स्नूकर विश्वविजेती. तीही १९९८ मध्ये अमेरिकेला गेली आणि तिथे ॲलिसनची तगडी प्रतिस्पर्धी बनली. यॉर्कशरची केली फिशर (आडनाव सारखं असलं तरी नातं नाही) १९९८ ते २००३ दरम्यान पाच वेळा विश्वविजेती झाली. मग महिला स्नूकरचा आधारच काढून घेतला गेला आणि तीही पूलकडे वळली. २०१२ मध्ये ती नाइन-बॉलची विश्वविजेती ठरली. एका खेळाच्या लागोपाठच्या तीन विश्वविजेत्या त्या खेळातून निघून जातात, तेव्हा प्रश्न त्या तिघींच्या निष्ठेचा उरत नाही. ज्या खेळानं त्यांना घडवलं त्यानंच त्यांना सांभाळलं नाही, याची खंत वाटते.

"पण नाइन-बॉल तर नशिबाचा खेळ!"

हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. ब्रेकवर ९ नंबर पडला तर रॅक तिथेच संपतो, आणि चुकलेला बॉल भलत्याच पॉकेटमध्ये पडून फायदा झाल्याचंही दिसतं. पण हिशेब करून पाहू. समजा एक खेळाडू शंभरपैकी साठ रॅक जिंकण्याइतका सरस आहे. एकच रॅक असेल तर त्याची शक्यता ६० टक्के. आधी तीन रॅक घेणारा जिंकेल असं ठरवलं तर ती ६८ टक्के होते. आधी सात घ्यायचे असतील तर ७७, आणि आधी अकरा घ्यायचे असतील तर ८२ ते ८३ टक्के. रॅक वाढतील तसं नशीब मागे पडतं. एखादा दुबळा खेळाडू एखाद्या संध्याकाळी जिंकेलही. सलग तीन वर्षं विश्वविजेतेपद नशिबानं मिळत नाही.

पुरुष खेळाडूंचं काय?

स्नूकरचा सहा वेळचा विश्वविजेता स्टीव्ह डेव्हिस १९९४ ते २००४ सलग मॉस्कोनी कपमध्ये, म्हणजे युरोप विरुद्ध अमेरिका या सांघिक पूल सामन्यांत खेळला. २००२ मध्ये अर्ल स्ट्रिकलंडला हरवून त्यानंच युरोपला कप मिळवून दिला. माल्टाचा टोनी ड्रॅगो स्नूकरच्या क्रमवारीत दहाव्या स्थानापर्यंत पोचलेला, विजेच्या वेगानं खेळणारा. त्यानं २००३ ची वर्ल्ड पूल मास्टर्स जिंकली. दोघांनीही पूलला वर्षं दिली होती. ट्रम्पसारखा स्नूकरच्या हंगामातून सवड काढून आलेला पाहुणा आणि पूलला वाहून घेतलेला खेळाडू यांत फरक पडणारच.

उलट दिशेनं, पूलकडून स्नूकरकडे यशस्वी झालेले फारच थोडे. कारण वर आलंच आहे: हिशेब मोठेपणी शिकता येतात, एका अंशाची अचूकता मात्र बहुधा लहानपणीच अंगात भिनावी लागते. चीनमधून पसरलेला 'हेबॉल' हा मधला मार्ग आहे. त्यात टेबल नऊ फुटी आणि बॉल पूलचे, पण पॉकेटची तोंडं स्नूकरसारखी गोल.

स्वतः करून पाहायचं असेल तर

पुण्या-मुंबईत स्नूकर आणि पूल दोन्हीची टेबलं एकाच पार्लरमध्ये सापडतात, तेव्हा हा प्रयोग कुणालाही करता येईल. पूलच्या जगात या सरावाला भुताशी सामना म्हणतात. तीन बॉल टेबलावर पसरा. पांढरा बॉल पहिल्या खेपेला हवा तिथे ठेवा आणि क्रमानं तिन्ही घाला. सगळे गेले तर रॅक तुमचा, एक जरी चुकला तर भुताचा. आधी सात रॅक घेणारा जिंकला. भुताला तीनदा हरवलं की पाच बॉल घ्या, मग सात. नऊ बॉलवर आलात की पसरायचं नाही, ब्रेक करायचा.

शेजारी एक वही ठेवा आणि हरलेल्या प्रत्येक रॅकपुढे कारण लिहा: ब्रेक फसला, पुढच्या बॉलसाठी जागा चुकली, की पॉट चुकला. स्नूकरवरून आलेल्याच्या वहीत शेवटचा रकाना बहुधा रिकामा राहतो आणि मधला भरून वाहतो. तसं दिसलं तर पॉटिंगचा सराव थांबवा. पांढऱ्या बॉलला दोन कुशन घेऊन वहीएवढ्या कागदावर थांबवायचा सराव करा, रोज पन्नास वेळा, आधी फिरकीशिवाय आणि मग दोन्ही बाजूंच्या फिरकीनं.